पायाखालची भूमी आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी एकदोन ठिकाणी विस्तार केला आहे.)



या मेळाव्यात आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली, तेव्हा आपल्या सर्वांच्या मनात येतात तेच विषय प्रथम आमच्याही मनात आले. व्यंकोजीराजांनी स्थापिलेली तंजावरची मराठी राजवट, सरफोजीराजांनी जोपासलेले सरस्वती महाल ग्रंथालय, १८०५ साली त्यांनी काढलेला छापखाना, किंवा १८२८ साली याच कुंभकोणमात जन्मून पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव. हे विषय थोर आहेत यात शंका नाही. परंतु पन्नास वर्षांत या व्यासपीठावरून त्यांचा परामर्श अनेकदा घेतला गेला आहे, आणि आमच्याहून अधिकारी माणसांनी घेतला आहे. म्हणून आम्ही थोडा आडवाटेचा विषय मागून घेतला. आपल्या मुलामुलींनी भूगर्भशास्त्र शिकावे की नाही, हा तो विषय.

विषय ऐकून आपणांपैकी काहीजण एकमेकांकडे पाहत आहेत, हे आम्हांस येथून दिसते आहे. त्यात आपला दोष नाही. आम्ही स्वतः साधे बी. ए. आहोत आणि आमचा सारा जन्म केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आकडे तपासण्यात गेला. भूगर्भशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार दोनच गोष्टींवर उभा आहे. एक, आम्ही काही वर्षे भूवैज्ञानिकांची प्रवासभत्त्याची बिले तपासली. दुसरी, आमच्या मुलीने हा विषय घेतला आणि आम्ही तो तिला घेऊ देत नव्हतो. दोन्ही ठिकाणी चूक आमची होती. ती कबूल करण्यासाठीच आज येथे उभे आहोत.

प्रथम बिलांची गोष्ट सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात आमच्या टेबलावर एक बिल आले. एका भूवैज्ञानिक अधिकाऱ्याने दौऱ्यावरून दगडांच्या तीन पेट्या रेल्वेने पाठविल्या होत्या आणि त्यांचे भाडे मागितले होते. तरुण वय आणि हातात लाल शाईचे पेन. आम्ही मोठ्या ऐटीत शेरा मारला, ‘दगड स्थानिक पातळीवर उपलब्ध नाहीत काय?’

दुसऱ्या दिवशी ते अधिकारी स्वतः आले. ते रागावले नाहीत. त्यांनी पिशवीतून दोन काळसर दगड काढून आमच्या टेबलावर ठेवले. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर बारीक अक्षरात एक क्रमांक होता. ते म्हणाले, “साहेब, दगड सगळीकडे मिळतात, तुमचे खरे आहे. पण हा दगड ज्या जागी, ज्या थरात, ज्या दिशेला कललेला सापडला, ते सारे माझ्या वहीत या क्रमांकापुढे लिहिले आहे. तो पत्ता पुसला तर याची किंमत शून्य. पत्ता आहे म्हणून याचे रेल्वेभाडे.” आम्ही मुकाट्याने बिल मंजूर केले. मात्र त्यातला धडा आमच्या डोक्यात शिरायला आणखी वीस वर्षे जावी लागली.

आता आपल्या गावाकडे वळू. आपण कुंभकोणमात राहतो. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार. या दोन प्रवाहांमधल्या आपल्या गावात जमिनीतून निघालेला मुठीएवढा दगड शोधू गेल्यास सापडत नाही. विहीर खणा, पाया खणा, वाळू आणि चिकणमातीच निघते. सह्याद्रीच्या कुशीतून आलेल्या माणसाला याचे प्रथम फार नवल वाटते. आपल्याकडे शेतातले धोंडे वेचून बांध घालावा लागतो, आणि येथे पाट्यावरवंट्याचा दगडही बाहेरून आणावा लागतो. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाच्या काळी उभारलेल्या दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिराचा टणक दगडही या भूमीतला नव्हे. तो पश्चिमेकडच्या, खडकाळ मुलखातूनच वाहून आणावा लागला असणार.

असे का, याचे उत्तर भूगर्भशास्त्र देते. कोडगूच्या डोंगरात तळकावेरीला उगम पावणारी ही नदी वाटेतले कठीण खडक झिजवीत आली. त्यांची वाळू आणि गाळ तिने हजारो वर्षे येथे अंथरला. आपण त्या अंथरुणावर राहतो. त्याखाली आणखी जुन्या, समुद्राने साठविलेल्या थरांची जाडी काही ठिकाणी कित्येक किलोमीटर आहे. वर भाताची शेते आणि खाली हा एवढा मोठा ग्रंथ मिटून ठेवलेला. या गाळाची पारख येथल्या कारागिरांना फार पूर्वीपासून आहे. स्वामीमलैचे स्थपती पंचधातूच्या मूर्ती ओततात, तेव्हा मेणाच्या प्रतिकृतीवर पहिला लेप देतात तो कावेरीच्या बारीक गाळाचा. ‘वंडल मण्’ म्हणतात त्याला. नटराजाच्या बोटांची नखे धातूत जशीच्या तशी उतरतात, त्यात त्या गाळाच्या बारीकपणाचा मोठा वाटा आहे. स्थपती चिमूटभर माती बोटांत चोळून ती चालेल की नाही हे सांगतो. विद्यापीठात हेच ज्ञान चाळण्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन शिकवितात, एवढाच फरक.

स्थपतींचे सोडा, दगडांचा संग्रह आपल्या घरातही आहे. ज्यांच्या देवघरात पाषाणाचे पंचायतन आहे त्यांनी आज घरी जाऊन ते नीट पाहावे. विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, शंकराचे बाणलिंग नर्मदेचे, गणपतीचा तांबडा पाषाण शोण नदीचा, देवीचा सोनेरी झाकेचा पाषाण सुवर्णमुखीचा, आणि सूर्याचा स्फटिक कुठला? परंपरा सांगते, तो वल्लमचा. वल्लम म्हणजे आपल्या तंजावरला लागून असलेले वल्लम. येथल्या स्फटिकाची पूर्वी चष्म्याची भिंगेही होत. पाच देव, पाच पाषाण, आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे गाव. त्या अधिकाऱ्यांनी आम्हांस जे शिकविले ते आमच्या पूर्वजांना ठाऊक होते. दगडाचा पत्ता ते विसरले नव्हते.

असो. आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे येतो.

२०१६ साली आमची कन्या बारावी झाली. गुण चांगले होते. अभियांत्रिकीला सहज प्रवेश मिळत होता. तिने जेवताना सांगितले, “बाबा, मला जिऑलॉजी घ्यायची आहे.” शाळेत असताना एका सहलीत तिने तिरुवक्करैचे दगड झालेले वृक्ष पाहिले होते, तेव्हापासून हे खूळ तिच्या डोक्यात होते. आम्ही विचारले, “पुढे करणार काय?” ती म्हणाली, “शिकल्यावर कळेल.” हे उत्तर हिशेबखात्यातल्या माणसास कसे पटावे? शिवाय मुलीची जात, रानावनात हातोडा घेऊन हिंडणार, मुक्काम तंबूत. आमच्या सौभाग्यवतींनी डोळ्यांना पदर लावला आणि आम्ही अभियांत्रिकीचा अर्ज भरून टाकला. तिने सही केली. भांडली नाही. आम्हांस तो आमचा विजय वाटला.

त्या वर्षाचे वर्णन करीत बसत नाही. वर्षअखेरीस पाच विषय राहिले होते, आणि पूर्वी जेवताना अखंड बोलणारी मुलगी मानेनेच हो-नाही सांगू लागली होती. एका संध्याकाळी आम्ही सारंगपाणि सन्निधीच्या रस्त्याने चाललो होतो. त्या रस्त्यावर रामानुजनांचे घर आहे, हे आपण जाणताच. रोज त्यावरून जात होतो. त्या दिवशी आत गेलो. हे घर आता स्मारक म्हणून जपलेले आहे. याच गावच्या शासकीय महाविद्यालयात १९०४ साली शिष्यवृत्ती घेऊन गेलेल्या त्या मुलाला गणितावाचून दुसरे काही सुचेना. इतर विषयांत तो नापास झाला, शिष्यवृत्ती गेली, आणि १९०५ साली घरी न सांगता तो विशाखापट्टणमला निघून गेला. आमची मुलगी रामानुजन नव्हे, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. पण निघून जाणे निराळ्या प्रकारेही घडते. घरात बसूनही मूल निघून जाऊ शकते, हे आम्हांस त्या ओसरीवर प्रथमच कळले. घरी येऊन आम्ही तिला म्हणालो, “अर्ज कुठला आणायचा ते सांग.”

पुढल्या जूनमध्ये तिने तिरुचिरापल्लीच्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.ला भूगर्भशास्त्र घेतले.

या विद्येत शिकवितात काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्यातल्या बहुतेक पालकांना त्याची कल्पना नसते. पहिल्या वर्षी खनिजे आणि स्फटिक. खनिज ओळखायचे ते त्याचा कठीणपणा, त्याची चकाकी, ते फुटते कसे आणि खरखरीत फरशीवर घासल्यास रेघ कोणत्या रंगाची उमटते यांवरून. मग खडक. वितळलेल्या रसापासून झालेले अग्निज, गाळ दबून झालेले स्तरित, आणि दाब व उष्णता यांनी रूप पालटलेले रूपांतरित. खडकाची चकती काचेवर चिकटवून ती घासत घासत एका मिलिमीटरच्या तीन शतांश इतकी पातळ करतात, म्हणजे तिच्यातून प्रकाश आरपार जातो. आमच्या मुलीने सुट्टीत अशी एक काच घरी आणून दाखविली. ओबडधोबड काळ्या दगडाचा तो पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली पैठणीच्या पदरासारखा दिसतो, असे ती म्हणाली. त्यानंतर जीवाश्म, थरांचा कालक्रम, खडकांच्या घड्या आणि भेगा, भूजल, धातूंची खनिजे, आणि हल्ली उपग्रहांनी घेतलेली चित्रे वाचण्याचे तंत्र.

पण खरा अभ्यास वर्गाबाहेर होतो. हातोडा, होकायंत्र, भिंग आणि वही घेऊन मुले दहा-पंधरा दिवस उन्हात हिंडतात आणि आपल्या हातांनी नकाशा काढतात. मुलगी अशा पहिल्या दौऱ्यावर गेली ती कुठे दूर हिमालयात नव्हे, तर अरियलूरकडे. कुंभकोणमहून हा भाग पन्नास-साठ किलोमीटरच्या अंतरावर आहे. तेथले सिमेंटचे कारखाने आपण पाहिले असतील. त्या कारखान्यांना लागणारा चुनखडक हा प्राचीन समुद्राचा तळ आहे. अरियलूर हे नाव जगभरचे भूवैज्ञानिक ओळखतात. के आणि कनलिफ या दोघा इंग्रजांनी पाँडिचेरी, वृद्धाचलम् व तिरुचिरापल्लीच्या परिसरातून जमविलेल्या जीवाश्मांचे वर्णन एडवर्ड फोर्ब्सने १८४६ साली विलायतेत प्रसिद्ध केले. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्डने या भागाची पाहणी केली, आणि मोरावियाहून आलेल्या फर्डिनंड स्टोलिझ्काने येथल्या शंखशिंपल्यांवर मोठमोठे ग्रंथ लिहिले. याच परिसरात सात्तनूर येथे अठरा मीटरहून लांब असा दगड झालेला वृक्ष आहे. १९४० साली त्याकडे जगाचे लक्ष वेधले ते डॉ. एम. एस. कृष्णन यांनी. ते तंजावर प्रांताचेच सुपुत्र. १९५१ साली ते सर्वेक्षणाचे पहिले भारतीय संचालक झाले. म्हणजे आपल्या शेजारच्या रानातून या शास्त्राची एक मोठी वाट गेली आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षे त्या रस्त्याने बसमध्ये झोपून जात होतो.

त्या दौऱ्याहून मुलगी आली ती काळवंडलेली, पायांना फोड आलेली, आणि दोन वर्षांनी प्रथमच अखंड बोलत. तिने रुमालाची गाठ सोडून एक अर्धवट फुटलेला दगड आजीपुढे ठेवला. त्यावर चक्राकार वेढे होते आणि प्रत्येक वेढ्यावर बारीक कंगोरे. आमच्या मातोश्रींना आता कमी दिसते. त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाल्या, “अगं, हा तर शाळिग्राम!”

मुलगी म्हणाली, “होय आजी. याला अमोनाइट म्हणतात. समुद्रात राहणारा प्राणी होता, माखली आणि अष्टपाद यांचा दूरचा भाऊबंद. हा दहा कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. आपल्या देवघरातला गंडकीचा त्याहूनही जुना, पंधरा-सोळा कोटींचा असेल. हिमालय तेव्हा नव्हताच. तेथे समुद्र होता.”

आम्ही जरा धास्तावलो. नित्य पूजेतल्या देवाला नात समुद्रातला प्राणी म्हणते, हे मातोश्रींना कसे वाटेल? त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “सोळा कोटी वर्षे! म्हणजे आपणच पूजा करायला फार उशिरा आलो म्हणायचे.” तो अरियलूरचा दगड आज आमच्या देवघराच्या फळीवर आहे. पूजेत नाही, पण शेजारी आहे. त्याखाली मुलीने चिठ्ठी लावली आहे. गाव, थर, तारीख.

त्याच रात्री तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपणां सर्वांसाठी आहे. आपला काळा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुन्हा पुन्हा वर आलेल्या लाव्हारसाचा झाला. अजिंठा, वेरूळ, रायगड, सारे त्याच थरांत. अरियलूरच्या समुद्राचे वरचे थर त्याच सुमाराचे. म्हणजे आपल्या मुलखात अग्नीचे पूर वाहत होते तेव्हा येथे लाटा फुटत होत्या, आणि दोन्हींची साक्ष आज दगडांत आहे. महाराष्ट्र आणि चोळमंडल यांचा संबंध व्यंकोजीराजांपासून सुरू होतो असे आम्ही समजत होतो. तो त्याहून बराच जुना निघाला.

आता कोणी म्हणेल, हे सारे मनोरंजक आहे, पण याचा उपयोग काय? उपयोगाचा प्रश्न आम्हीही विचारला होता, म्हणून त्याचे उत्तर देणे आमच्यावर बंधनकारक आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झाला, त्यात दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. त्या पहाटे आम्ही पुण्यात होतो. खाट हलली म्हणून जागे झालो आणि मांजर असेल असे समजून पुन्हा झोपलो. सकाळी बातमी ऐकली, तेव्हाची आमची शरम अजून गेलेली नाही. दख्खनचे पठार स्थिर आहे, येथे धोका नाही, असे आपण मानीत आलो होतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. आणि येथे? २६ डिसेंबर २००४ रोजी दूर सुमात्राजवळ समुद्राचा तळ उसळला, आणि येथून जवळच्या नागपट्टणम् जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे बुडाली. किनारपट्टीच्या कोळ्यांच्या भाषेत तोवर त्सुनामी हा शब्दच नव्हता. पायाखालची भूमी हा कोणाच्या हौसेचा विषय नाही, हे समजण्यास याहून मोठा पुरावा कोणता?

कोयनेच्या भूकंपांचे कारण समजावे म्हणून तेथे जमिनीत तीन किलोमीटर खोल वेध घेतला गेला, आणि त्या कामासाठी कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. आपल्या मंडळात विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाई व्यवसायातले पुष्कळ बांधव आहेत. विट्याहून कराड काही लांब नाही. त्या बांधवांना आमची विशेष विनंती आहे. आपण सोने गाळता, त्यातला कस नुसत्या नजरेने सांगता. पण ते सोने कोणत्या खडकातून, किती खोलीवरून आले? कोलारच्या खाणी २००१ साली बंद पडल्या. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण अजून सोने देते. एकाच जातीच्या जुन्या खडकांत एके ठिकाणी सोने का आणि शेजारी का नाही, हे शोधणारा आपल्याच घरातला मुलगा किंवा मुलगी का नसावी? धातूशी आपले तीन-चार पिढ्यांचे नाते आहे. आता त्याचे मूळ शोधावे.

आणि पाणी. कुंभकोणमात नळ सोडला की पाणी येते, पण समुद्राकडे जावे तसतसे विहिरींचे पाणी मचूळ होत चालले आहे. मेट्टूरचे धरण १९३४ साली झाले, तेव्हापासून नदीचा पुष्कळ गाळ वरच अडतो. जो उरतो त्यातली वाळू उपसली जाते. १८३६ साली ऑर्थर कॉटनने कोळ्ळिडमवर मुक्कोंबू येथे बांधलेल्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे ऑगस्ट २०१८ च्या पुरात वाहून गेले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. याच खोऱ्यात जमिनीखाली तेल आणि वायू आहे, आणि २०२० साली तमिळनाडू सरकारने कायदा करून या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेतीक्षेत्र ठरविले. शेतकऱ्याचे खरे की तेल काढणाऱ्याचे, हे सांगणे आम्हां सरकारी नोकरांचे काम नव्हे. मात्र जमीन खचते का, खारे पाणी किती आत आले, नदीतून किती वाळू काढली तर चालेल, हे आरड्याओरड्याने ठरत नाही. त्यासाठी मोजणारी माणसे लागतात. ती माणसे कोणाच्या तरी घरातूनच यायची आहेत.

मुलींविषयी एक शब्द. १९८३ साली भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकाला निघाली, तेव्हा तीत प्रथमच दोन स्त्रिया होत्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि आपल्या नागपूरच्या कन्या, सागरवैज्ञानिक आदिती पंत. खाणीत भूमिगत काम करण्यास स्त्रियांना कायद्याने बंदी होती. २०१९ साली ती शिथिल होऊन तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी वाट खुली झाली. कायदा बदलला. आता बापांनी बदलायचे राहिले आहे.

व्यवहाराचेही सांगतो, नाहीतर आमच्या खात्याचे नाव जाईल. बारावी विज्ञानानंतर बी. एस्सी., मग एम. एस्सी. अशी ही पाच वर्षांची वाट आहे. आपल्या जवळ तिरुचिरापल्ली, चिदंबरमचे अण्णामलै विद्यापीठ आणि चेन्नई येथे सोय आहे. महाराष्ट्रात पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, पुणे व नागपूर विद्यापीठे, आणि मुंबईची आय. आय. टी. आहे. शेवटच्या ठिकाणी एम. एस्सी.साठी निराळी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. त्यानंतर संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा आहे. तीतून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात नेमणुका होतात. राज्यांची भूजल खाती, खाणी, सिमेंट, तेल कंपन्या, बोगदे आणि धरणे यांची कामे ही आणखी क्षेत्रे. जागा थोड्या असतात आणि स्पर्धा कठीण असते, हे लपवीत नाही. आमच्या मुलीने २०२२ साली एम. एस्सी. पुरी केली. आयोगाच्या परीक्षेत पहिल्या खेपेस तिला यश आले नाही. ती आता एका भूजलप्रकल्पावर तुटपुंज्या मानधनावर काम करते, गावोगाव विहिरींची पातळी मोजते आणि रात्री पुन्हा अभ्यासाला बसते. अभियांत्रिकीला राहिली असती तर आज अधिक मिळवती झाली असती काय? कदाचित. पण ती जेवताना बोलते. त्या बोलण्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहावा, हे आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस कोणी शिकविले नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती आहे. आपण मे महिन्यात गावी जातो. येताना मसाले, कोकम, गोडांबा आणतो. यापुढे प्रत्येक कुटुंबाने आपल्या गावचा एक दगड आणावा. साताऱ्याचा काळा, कोकणातला जांभा, चंद्रपूरकडचा कोळसा, कोल्हापूरचा, बेळगावचा, जो मिळेल तो. मंडळाच्या कपाटात एक खण त्यासाठी ठेवावा आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी लावावी. गाव, जागा, तारीख, आणणाऱ्याचे नाव. वर्षातून एकदा मुलांना अरियलूरच्या रानात न्यावे. येथे तीन शतके राहिलेल्या तंजावरी कुटुंबांनी वल्लमचा स्फटिक द्यावा. त्या कपाटात तो सह्याद्रीच्या शेजारी शोभेल. सगळी मुले भूवैज्ञानिक होणार नाहीत, होऊही नयेत. पण त्यांतले एखादे मूल उद्या जेवताना काही मागेल, तेव्हा त्याच्या बापाने आमच्यासारखे एक वर्ष वाया घालवू नये, एवढ्याचसाठी हा सारा प्रपंच.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. पानांवर गरम भात वाढला जात असल्याचा सुवासही येतो आहे. येताना आम्ही पहिला दगड आणला आहे. वाईजवळच्या आमच्या गावच्या नदीकाठचा आहे, चिठ्ठीसह. तो अध्यक्षांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.